शिरोलीत जोडलेली रिंग

कोल्हापुरातून पुण्याच्या दिशेने निघाले की तावडे हॉटेलचा चौक मागे पडतो, पंचगंगेचा पूल लागतो आणि पूल ओलांडल्यावर जे गाव येते त्याच्या नावातच पूल आहे. शिरोली पुलाची. तालुका हातकणंगले, पण रोजचे येणेजाणे सारे कोल्हापूरशी. सांगली फाटा सोडून थोडे पुढे गेले की औद्योगिक वसाहत सुरू होते. ती आल्याचे डोळ्यांआधी नाकाला कळते. ओतीव लोखंडाच्या कारखान्यांतल्या जळक्या वाळूचा वास एकदा ओळखीचा झाला की माणूस तो विसरत नाही.

कोल्हापूरला कुणी कुस्तीचे गाव म्हणते, कुणी गुळाचे, कुणी चपलांचे. शिरोलीत आले की कळते, हे भट्टीचेही गाव आहे. याची सुरुवात उसापासून झाली. उसाला पाणी लागते, पाण्याला पंप लागतो, पंपाला इंजिन लागते. इंजिन बिघडले की दुरुस्त करणारा हात लागतो. दुरुस्ती करता करता आपल्याच मिस्त्रींनी सुटे भाग घडवले, मग अख्खी ऑइल इंजिने बनवली. शहरातले उद्यमनगर त्यातून उभे राहिले आणि तिथली जागा अपुरी पडू लागली तसे कारखाने शिरोलीकडे, गोकुळ शिरगावकडे आणि पुढे कागलकडे सरकले. आज इथे मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे आणि व्हॉल्व्हचे भाग ओतले जातात. त्यातले कित्येक पेटीत बंद होऊन समुद्रापलीकडे जातात.

वाचक भगिनींनी ओतकाम पाहिले नसेल म्हणून थोडे सांगतो. आधी हव्या त्या भागाचा नमुना तयार करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. वाळूत बेंटोनाइटची माती आणि पाणी मिसळून ती वाळू पॅटर्नभोवती ठोकून बसवतात. पॅटर्न काढला की आत पोकळी राहते, तो साचा. विजेच्या भट्टीत भंगार आणि कच्चे लोखंड वितळवतात. त्याचे तापमान चौदाशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. मग तो लाल रस लॅडलने साच्यात ओततात. थंड झाल्यावर साचा फोडायचा, चिकटलेली वाळू झाडायची, कडा घासायच्या आणि माल मशीन शॉपला पाठवायचा.

या साऱ्या कामात आम्हांला सर्वांत नवल वाटते ते जुन्या मोल्डरचे. तो वाळू मुठीत घेतो, दाबतो, मूठ उघडतो आणि ते ढेकूळ मधोमध मोडून बघतो. पाणी कमी आहे की जास्त, हे लगेच सांगतो. प्रयोगशाळा नंतर तेच सांगते. हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेले नसते. हजारो वेळा मूठ मिटून उघडल्यावर ते हातात उतरलेले असते.

मालाप्रमाणे माणसेही इथून बाहेर जातात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून मुले इथल्या भट्टीवर येतात आणि इथे तयार झालेला वेल्डर, फिटर, मशीनवरचा ऑपरेटर सौदी, कतार, दुबईला जातो. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत कपाटात साड्यांच्या घडीखाली एक पासपोर्ट असतो. दोन वर्षांचा करार, वर्षाकाठी किंवा दोन वर्षांनी सुट्टी, मुलाचा अकीका फोनवर बघायचा, वडिलांच्या जनाजाला पोहोचता आले तर नशीब. ही कहाणी आपल्याला सांगावी लागत नाही.

या वसाहतीच्या कडेला असलेल्या वस्तीत आम्ही शिकवतो. आमच्या मैदानात एक बास्केटबॉलची रिंग आहे. ती बाजारातून आणलेली नाही. एका विद्यार्थिनीच्या अब्बांनी, जे वसाहतीत वेल्डर आहेत, ती सुट्टीच्या दिवशी जोडून दिली. आम्ही त्यांना मापे दिली होती. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, जमिनीपासून उंची ३.०५ मीटर. त्यांनी सळई वाकवली, टाके मारले, घासून गुळगुळीत केली आणि व्हर्नियर लावून तीन ठिकाणी माप दाखवले. खांबावर रिंग चढवून झाल्यावर हात पुसत त्यांनी विचारले, "सर, खरं सांगा, ह्या खेळानं पोट भरतंय व्हय?"

प्रश्न सहज नव्हता. त्यांची मुलगी नववीत आहे, अंगाने लहान पण पायांत विजेसारखी. जिल्ह्याच्या निवडीसाठी तिचे नाव पुढे आले होते आणि पालकांच्या संमतीचा फॉर्म त्यांच्या खिशात घडी करून ठेवलेला होता. मुलांनाही आम्ही हाच प्रश्न करताना ऐकतो, पण बापाने विचारलेला प्रश्न वेगळा असतो. त्याला भाषण देऊन चालत नाही.

म्हणून आम्ही त्यांना एका माणसाची हकीगत सांगितली. तीच वाचकांसाठी इथे लिहितो आहोत.

आधी खेळाविषयी दोन शब्द. बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने शोधला. थंडीत मुलांना आतच खेळता यावे, म्हणून त्याने फळांच्या करंड्या उंचावर टांगल्या आणि चेंडू त्यांत टाकायला लावला. एका बाजूला पाच खेळाडू असतात. त्यांतले उंच खेळाडू रिंगजवळ उभे राहतात. जे तुलनेने बुटके, चपळ आणि डोक्याने शांत असतात त्यांना गार्ड म्हणतात. चेंडू आपल्या अर्ध्या मैदानातून पुढे न्यायचा, समोरची फळी वाचायची आणि कुणाला कधी चेंडू द्यायचा ते ठरवायचे, हे गार्डचे काम. चेंडू हातात आल्यापासून चोवीस सेकंदांत रिंगवर फेकावा लागतो. गार्ड म्हणजे त्या पाचांतला मुकादमच.

असा एक गार्ड ९ मार्च १९६९ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, गल्फपोर्ट या गावी जन्मला. नाव ख्रिस जॅक्सन. काळा, गरीब, वडिलांची ओळख नाही, आई एकटी मुलांना वाढवणारी. त्यात शरीराला एक त्रास होता. अंग आपोआप झटके देई, तोंडातून नकळत आवाज येत. सतराव्या वर्षी त्याला टुरेट सिंड्रोम हे नाव कळले. या त्रासाचा एक भाग असा, की एखादी गोष्ट मनासारखी होईपर्यंत माणसाला ती सोडवत नाही. बुटाची नाडी बांधायची तर पुन्हा पुन्हा. चेंडू फेकायचा तर पुन्हा पुन्हा. सराव संपवताना सलग दहा चेंडू रिंगच्या कडेला न लागता, जाळीचा नेमका आवाज करत आत गेल्याशिवाय तो घरी जात नसे. नववा चेंडू कडेला घासला की पुन्हा एकपासून मोजणी. जो आजार होता त्यातूनच त्याचे कसब घडले. आम्हांला तेव्हा मुठीत वाळू दाबणारा मोल्डर आठवतो.

लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघात पहिल्याच वर्षी त्याने सामन्यामागे सरासरी ३० गुण केले. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, एनबीएमध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत तो तिसरा निवडला गेला आणि डेन्व्हर नगेट्स या संघात दाखल झाला. उंची ६ फूट १ इंच. आपल्याकडे हा माणूस उंच ठरेल, पण तिथे सात फुटी माणसांत तो लहानच. १९९१ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि १९९३ मध्ये नाव बदलून महमूद अब्दुल-रऊफ असे घेतले. १९९३-९४ च्या हंगामात त्यांनी २२९ फ्री थ्रोंपैकी २१९ आत टाकले. फ्री थ्रो म्हणजे साडेचार मीटरवरून, समोर कुणी आडवे नसताना मारलेला चेंडू. वर्षभरात फक्त दहा चुकले. हे सोपे वाटत असेल तर मैदानात जाऊन दहाच चेंडू मारून पाहावेत.

मग आला मार्च १९९६. अमेरिकेत सामन्याआधी राष्ट्रगीत होते. अब्दुल-रऊफ त्या वेळी उभे राहत नसत. आपल्या काळ्या बांधवांवर या देशात अन्याय झाला आहे आणि त्या ध्वजाला वंदन करणे आपल्या मनाला व ईमानाला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लीगने त्यांना निलंबित केले. एका सामन्याचे ३१ हजार ७०७ डॉलर कापले गेले. साऱ्या देशात गदारोळ झाला. मुसलमानांचेही एकमत नव्हते. त्या काळचा सर्वांत मोठा मुस्लीम खेळाडू, हकीम ओलाजुवान, जो रमजानचे रोजे ठेवून सामने खेळत असे, त्याने उघडपणे वेगळे मत दिले. देशाचा आदर राखणे हे दीनच्या विरोधात नाही, असे त्याचे म्हणणे. शेवटी तोडगा निघाला. अब्दुल-रऊफ राष्ट्रगीताला उभे राहू लागले, मान खाली घालून आणि दोन्ही हात दुआसाठी उचलून.

आमच्या शाळेत रोज सकाळी राष्ट्रगीत होते आणि आमची मुले ताठ उभी राहतात. त्यामुळे अब्दुल-रऊफ यांचे पाऊल उचलावे असे सांगण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या देशाचा तो प्रश्न, आणि त्यावर त्यांच्याच दीनी भावांचे मतभेद. आम्हांला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वर्षी ते सामन्यामागे १९ गुण करत होते. वय सत्तावीस. हात तोच, नेम तोच. तरीही उन्हाळ्यात त्यांना सॅक्रामेंटोच्या संघाकडे पाठवून देण्यात आले, तिथे खेळायला मिळणारी मिनिटे कमी होत गेली आणि १९९८ मध्ये करार संपल्यावर एनबीएतल्या कुठल्याच संघाने नवा करार पुढे केला नाही. कसब हातात असते, पण मैदानात उतरायचे की नाही हे कागद ठरवतो.

तिथून सुरू झाला दुसरा प्रवास. १९९८ मध्ये तुर्कस्तानात इस्तंबूलचा फेनरबाहचे संघ. मग खेळ थांबवला. २०००-०१ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या संघाकडून पुन्हा एनबीएत एक हंगाम. मग रशियात पर्म, इटलीत रोसेतो, ग्रीसमध्ये आरिस, सौदी अरेबियात अल-इत्तिहाद आणि शेवटी जपानमध्ये क्योटो. तिथे २०११ पर्यंत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत ते खेळले. मायदेश धरून आठ देश झाले. मधल्या काळात, २००१ मध्ये, मिसिसिपीतले त्यांचे घर जळून खाक झाले. त्याआधी त्या घरावर गोऱ्यांच्या कू क्लक्स क्लॅन या द्वेषी टोळीची अक्षरे रंगवलेली सापडली होती.

वेल्डर अब्बा हे सारे लक्ष देऊन ऐकत होते. देशांची नावे संपल्यावर ते म्हणाले, "म्हंजे आमच्यासारखंच की सर. एका कंपनीचं संपलं की दुसरी." त्यांनी स्वतः दोन करार आखातात केले आहेत.

त्यांचे बोलणे खरे आहे. परदेशी खेळणाऱ्याचा करार साधारण एका हंगामाचा असतो. राहायला घर, येण्याजाण्याची तिकिटे आणि पगार ठरलेला असतो. परदेशी खेळाडूंची संख्या बहुतेक लीगमध्ये मर्यादित असते, त्यामुळे गुडघा दुखावला की त्याच्या जागी दुसरा आणला जातो. एका देशातून दुसऱ्या देशाच्या संघात जायचे तर पहिल्या देशाच्या संघटनेचे ना हरकत पत्र लागते. क्लब पगार थकवतात, हेही नवे नाही. ते इतके वाढले की २००७ मध्ये बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिबाने, जिनिव्हा इथे खेळाडू आणि क्लब यांच्यातल्या तंट्यांसाठी स्वतंत्र लवाद सुरू केला. पण त्या लवादापुढे जायचे तर करारात तसे कलम लिहिलेले असावे लागते. ते नसेल तर त्या लवादाचे दार बंद.

आता आपल्या घरातले बघू. ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारची मंजुरी आवश्यक, असा शेरा येतो. सौदी, कुवेत, कतार, ओमान अशा देशांत कामाला जायचे तर त्याला ती मंजुरी घ्यावी लागते. दहावी पास असेल तर हा शेरा येत नाही. एक शालान्त प्रमाणपत्र विमानतळावर इतके बोलते. सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी मिळते. ज्याचे नाव त्यात नाही त्याच्या हाती पासपोर्ट आणि पैसे देऊ नयेत. परदेशात पगार अडला किंवा पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला तर मदद या सरकारी पोर्टलवर घरच्या माणसालाही तक्रार नोंदवता येते. ते २०१५ पासून सुरू आहे. आमच्या वस्तीतल्या फार थोड्या घरांत हे माहीत असते. करार इंग्रजीत किंवा अरबीत असतो, एजंट बोट ठेवतो तिथे सही होते आणि आत काय लिहिले होते ते तिकडे गेल्यावर कळते.

खेळाडूने असे देशोदेशी फिरणे कोल्हापूरला नवे नाही. शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडला जाताना रोमला थांबले होते. तिथले प्राचीन गोल क्रीडागार त्यांनी पाहिले आणि त्यावरून खासबागेत कुस्तीचे मैदान बांधून घेतले. १९१२ मध्ये ते खुले झाले तेव्हा पहिली मोठी कुस्ती झाली इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची, आणि ती इमामबक्षने जिंकली. हा इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानाचा सख्खा भाऊ. त्याच्या दोन वर्षे आधी, १९१० मध्ये, ही भावंडे एका व्यवस्थापकाबरोबर लंडनला गेली होती. तिथल्या नाट्यगृहात इमामबक्षने जॉन लेम या स्विस मल्लाला चीत केले होते. लंडनच्या रंगमंचावरून खासबागेच्या लाल मातीत, दोन वर्षांत. एका मुसलमान मल्लाच्या डावावर सारे कोल्हापूर श्वास रोखून बसले होते आणि त्याला मान देणारा मराठा राजा समोर होता. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगायला हवी. आजही शहरातल्या पेठांचे फुटबॉल संघ आफ्रिकेतून खेळाडू आणतात आणि शाहू स्टेडियमवर लोक त्यांना नावाने हाका मारतात.

पण प्रश्न मुलीचा होता, हे आम्ही विसरलो नव्हतो. तिच्या अम्मींना हरकत खेळाची नव्हती. "ओढणीचं काय?" एवढाच त्यांचा सवाल होता. तो साधा नाही. त्यावर एका मुलीचे सारे आयुष्य वळलेले आहे.

तिचे नाव बिल्किस अब्दुल-कादिर. १९९० मध्ये जन्मली ती स्प्रिंगफील्डमध्ये, म्हणजे जिथे या खेळाचा जन्म झाला त्याच गावात. उंची ५ फूट ३ इंच. तीही गार्ड. शाळेत असताना तिने ३ हजार ७० गुण केले. मुलगा असो वा मुलगी, मॅसॅच्युसेट्स राज्यात शालेय खेळात इतके गुण कुणाच्याच नावावर नव्हते. पुढे मेम्फिस विद्यापीठात ती हिजाब बांधून खेळली. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाच्या वरच्या गटात असे खेळणारी ती पहिली. २०१४ मध्ये शिक्षण संपले आणि परदेशात व्यावसायिक म्हणून खेळायचा विचार तिने केला, तेव्हा फिबाचा नियम आडवा आला. डोक्यावर काहीही बांधून खेळायला मनाई होती. कारण सांगितले गेले सुरक्षिततेचे.

अब्दुल-रऊफ यांना आठ देश मिळाले, बिल्किसला एकही नाही. तिच्यापुढे दोन रस्ते होते. हिजाब काढायचा किंवा खेळ सोडायचा. तिने हिजाब काढला नाही. व्यावसायिक खेळाचे दार सुटले. पण ती गप्प बसली नाही. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, मुलाखती दिल्या. इतर देशांतल्या मुलीही बोलू लागल्या. २०१४ मध्ये कतारच्या मुली आशियाई स्पर्धेतला सामना सोडून परत फिरल्या होत्या, कारण त्यांनाही हिजाब काढायला सांगितले होते. शेवटी फिबाने नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून ठराविक पद्धतीचे डोके झाकायचे वस्त्र घालून खेळायला परवानगी मिळाली. तोवर बिल्किसची खेळायची उमेदीची वर्षे निघून गेली होती. ज्या दारातून तिला जाता आले नाही ते दार तिने आपल्या मागून येणाऱ्या मुलींसाठी उघडून ठेवले.

अम्मींना आम्ही एवढेच सांगितले, की अंगाला घट्ट बसणारी, पिन नसलेली, सुटून गळ्यात न अडकणारी टोपीवजा ओढणी आता नियमात बसते. त्या गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मग मी शिवून देते. माप सांगा." त्या घरी शिवणकाम करतात.

आता "पोट भरतंय व्हय" याचे सरळ उत्तर. बहुतेकांचे भरत नाही, आणि हे पालकांपासून लपवणे आम्हांला योग्य वाटत नाही. आपल्या देशात बास्केटबॉलची मोठी व्यावसायिक लीग अजून नीट रुजलेली नाही. वाराणसीचा विशेष भृगुवंशी हा भारताचा कर्णधार राहिलेला गार्ड. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक लीगमधल्या अॅडलेड थर्टी-सिक्सर्स या संघाने त्याला करारबद्ध केले. त्या लीगमध्ये करार मिळालेला तो पहिला भारतीय. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्याच्या घराचा आधार होता तो ओएनजीसीतल्या नोकरीचा. आपल्याकडे खेळाडूची चूल बहुधा अशीच पेटते. रेल्वे, पोलीस, सार्वजनिक कंपन्या खेळाडू घेतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठराविक स्तरापर्यंत कामगिरी लागते, प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते आणि त्या पदाला लागणारे शिक्षण तर लागतेच. म्हणजे फिरून गाडी पुन्हा शाळेशीच येते.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून शाळेचे गुण गातो असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण शिरोलीत रोज संध्याकाळी पाळी सुटताना जी माणसे बाहेर पडतात त्यांच्याकडे पाहा. त्यांतल्या कुणाचेही हात कमी पडलेले नाहीत. वाळूचे पाणी मुठीने सांगणारा मोल्डर पगाराच्या चिठ्ठीवरच्या कपाती वाचू शकत नाही, म्हणून दुसऱ्याला विचारतो. आखातातून आलेला वेल्डर जहाज जोडू शकतो, पण ओव्हरटाइमचे कलम करारात होते की नव्हते हे त्याला माहीत नसते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हा महामार्गच बंद पाडला होता. दोन्ही वेळा पाणी उतरल्यावर घराघरांत पहिला शोध कशाचा झाला असेल? कागदांचा. दाखले, पासपोर्ट, बँकेची पुस्तके लोकांनी उन्हात पसरून, वर खडे ठेवून वाळवली. कागदाची किंमत आपल्याला कळते. तो वाचण्याची सवय मात्र अजून लागायची आहे.

अब्दुल-रऊफ यांच्याकडून आम्ही घेतले ते हे. एनबीए, पर्म, जिद्दा, क्योटो, प्रत्येक ठिकाणी गणवेश बदलला, भाषा बदलली, पगार बदलला. सलग दहा चेंडूंची मोजणी बदलली नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत निवृत्त खेळाडूंची तीन-तीन जणांची एक नवी लीग सुरू झाली तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते त्यातही उतरले. २०२० मध्ये त्यांच्या जुन्या विद्यापीठाने त्यांचा ३५ क्रमांकाचा गणवेश कायमचा सन्मानाने टांगून ठेवला. जी किंमत मोजावी लागली ती त्यांनी मोजली आणि कुणाला दोष देत बसले नाहीत, खेळत राहिले. कराराने त्यांचे हात आणि पाय काही काळापुरते विकत घेतले होते. बाकीचा माणूस करारात नव्हता. आपल्या मुलांना बाहेर पाठवताना, मग ती भट्टीवर असोत, आखातात असोत की मैदानावर, काय करारात आहे आणि काय नाही हे त्यांना आधीच घरात समजावून सांगता आले पाहिजे. ते एजंट सांगणार नाही आणि प्रशिक्षकही सांगणार नाही. ते अब्बांनी आणि अम्मींनीच सांगायचे आहे.

तिसऱ्या दिवशी वेल्डर अब्बा पाळी संपवून तसेच शाळेत आले. अंगावर ठिणग्यांनी भोके पडलेला सदरा होता. खिशातून फॉर्म काढून त्यांनी टेबलावर उलगडला. सही केलेली नव्हती. त्यांनी मुलीला शेजारी बसवले आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सांगितला. प्रवासाचा खर्च कोण करणार, मुक्काम कुठे, मुलींसोबत कोण शिक्षिका जाणार, दुखापत झाली तर काय. जिथे शब्द अडला तिथे त्यांनी आम्हांला विचारले. एका ठिकाणी नियम अर्धवट होता, तिथे आम्ही कार्यालयात फोन लावून विचारून घेतले आणि उत्तर समासात लिहिले. सारा फॉर्म वाचायला पाव तास लागला.

मग ते मुलीला म्हणाले, "दहावीत नापास झालीस तर रिंग मी आणि कापून काढीन, कळलं?" मुलगी हसली. अब्बांनी पेन मागितले आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत, संपूर्ण नाव लिहिले.